इयागोचा पहिला प्रवेश कसा वाचावा? एम.ए. इंग्रजीला नव्याने आलेल्यांसाठी

शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' अभ्यासक्रमात असलं की 'इयागोचं स्वभावचित्रण करा' हा प्रश्न आज ना उद्या येतोच. आमच्या वर्गात बहुतेकांनी गाइडातली विशेषणं उतरवली होती : कपटी, मत्सरी, पाताळयंत्री. त्यावर पास होता येतं, पण त्यापुढे गाडी सरकत नाही. मला शिकताना आणि नंतर शिकवतानाही कामी आला तो पहिल्या अंकातला पहिला प्रवेश. वाचताना एकच बघायचं : इयागो कोणाच्या तोंडून काय वदवून घेतो.

नाटक सुरू होतं ते भर भांडणात. व्हेनिसमधली रात्र. डेस्डेमोनाच्या मागे लागलेला रॉडरिगो इयागोवर चिडलाय : माझी थैली स्वतःची असल्यासारखी वापरलीस आणि सेनापती ऑथेल्लोने तिच्याशी गुपचूप लग्न केल्याची एवढी मोठी बातमी मला सांगितली नाहीस? म्हणजे हा गडी दुसऱ्याच्या पैशावर मजा मारतो, हे आपल्याला सर्वांत आधी कळतं. इयागो हिशेब देतच नाही. तो स्वतःचं गाऱ्हाणं काढतो. शहरातल्या तीन बड्या लोकांनी माझ्यासाठी शब्द टाकला, तरी ऑथेल्लोने बढती दिली कॅसिओला. ज्याने कधी रणांगणात तुकडी नेली नाही, त्या आकडेमोड करणाऱ्याला! मी ऱ्होड्स-सायप्रसला लढलो आणि राहिलो त्याच्या हाताखालचा निशाणधारीच. थोड्याच वेळात रॉडरिगो 'मग मी तर ऑथेल्लोची चाकरी केली नसती' म्हणू लागतो. थैलीचा विषय कुठल्या कुठे गेला. इथे समासात खूण करून ठेवा.

मग डेस्डेमोनाचा बाप ब्राबान्शिओ याच्या खिडकीखालचा आरडाओरडा. 'चोर, चोर! घर सांभाळा, मुलगी सांभाळा, थैल्या सांभाळा!' हाक मारायची कल्पना इयागोची, पण सभ्य भाषेत सगळी हकीकत सांगतो रॉडरिगो, आणि नावही त्याचंच उघड होतं. इयागो अंधारात राहून गोऱ्या मेंढीवर चढलेल्या काळ्या मेंढ्याची ओंगळ चित्रं बापाच्या डोळ्यांपुढे उभी करतो. 'कोण रे तू?' असं विचारलं तरी नाव सांगत नाही. म्हातारा 'हलकट आहेस' म्हणतो, तर हा म्हणतो, 'आपण सिनेटर आहात.' हे मोठ्याने वाचून बघा. 'आपण'नंतर क्षणभर थांबलात की शिवी ऐकू येते. दिवे घेऊन माणसं खाली येईपर्यंत स्वारी पसार. माझ्या हुद्द्याला इथे सापडणं बरं नाही, असं स्पष्ट सांगून जातो.

एक गोष्ट वर्गात सहसा सुटते. या अख्ख्या प्रवेशात ऑथेल्लोचं नाव एकदाही येत नाही. नुसता 'मूर' (म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा, काळा माणूस), नाहीतर शिव्या. नाव पहिल्यांदा उच्चारतो व्हेनिसचा प्रमुख ड्यूक, तिसऱ्या प्रवेशात. तोवर इयागोने रंगवलेला माणूस आपल्या डोक्यात बसलेला असतो. म्हणून दुसऱ्या प्रवेशातला शांत, तोलून बोलणारा ऑथेल्लो दिसला की आपण चपापतो. त्याच्या शेजारी उभा राहून इयागो सांगत असतो : तुमच्याबद्दल एक जण इतकं वाईट बोलला, की नऊ-दहा वेळा वाटलं, बरगडीखाली खुपसावं! बापाला उठवून आलेला माणूस हाच.

हेतूच्या चर्चेत मात्र लगेच शिरू नका. 'हेतुशून्य दुष्टाव्याने चालवलेला हेतूंचा शोध' हे कवी-समीक्षक कोलरिजचं इयागोबद्दलचं मत सगळेच देतात. त्याऐवजी पहिल्या अंकाच्या अखेरचं इयागोचं स्वगत घ्या. ऑथेल्लोने इयागोच्या बायकोशी संबंध ठेवल्याची कुजबुज आहे. खरं-खोटं ठाऊक नाही, पण खरंच समजून वागेन, असं तो म्हणतो. शेक्सपिअरने कथा घेतली चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५च्या कथासंग्रहातून. तिथला निशाणधारी डेस्डेमोनावरच भाळलेला असतो, म्हणजे कारण सरळ. ते सरळ कारण शेक्सपिअरने मागे ढकललं, हा मुद्दा उत्तरात चांगला वजन धरतो.

प्रत कोणती वापरताय तेही बघा. १६२२च्या क्वार्टोमध्ये (या एकाच नाटकाची छोट्या आकाराची छापील प्रत) इयागोच्या तोंडी असलेल्या बऱ्याच शपथा १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा एकत्रित ग्रंथ) गाळल्या आहेत. मला शपथांसकटचा इयागो जास्त खरा वाटतो. मराठीत वाचायचं तर देवलांचं 'ऑथेल्लो'वर बेतलेलं 'झुंजारराव' काढा, पण परीक्षेनंतर.