उभी गाडी जीपीएसवर पळत होती, त्यावर सापडलेला उपाय

आमचे नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेणारे टेम्पो आहेत, सगळ्यांना जीपीएस लावलाय. एका गाडीचं रोजचं रनिंग मीटरपेक्षा जास्तच दाखवायचं, डिझेलचा हिशोब काही केल्या जुळेना आणि ड्रायव्हर म्हणायचा शेठ गाडी रात्रभर शेडमधेच होती, मग त्याच्यावर संशय घेणं पण बरं वाटत नाही.

शेवटी ॲपमधे रात्रीचा प्लेबॅक लावून बघितला तर शेडभोवती रेघोट्याच रेघोट्या, कोंबडीच्या पायांसारख्या. पत्र्याखाली सॅटेलाइटचा सिग्नल नीट पोचत नाही, म्हणून लोकेशन इकडून तिकडे उड्या मारतं आणि त्या उड्यांचे पण किलोमीटर धरले जातात. पण बाकीच्या गाड्या त्याच शेडमधे उभ्या असून त्यांचं असं का नाही? कारण वायरिंग! या गाडीत जीपीएस बसवणाऱ्याने त्याची इग्निशनची वायर (चावी चालू की बंद हे डिव्हाइसला कळवणारी) सरळ बॅटरीच्या कायम चालू लाइनला जोडलेली, म्हणजे डिव्हाइसच्या मते इंजिन चोवीस तास चालूच.

इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून चेक केलं, चावी बंद करूनही त्या वायरवर १२ व्होल्ट. मग चावी चालू असतानाच करंट येतो अशी गाडीतली वायर शोधून डिव्हाइसची इग्निशनची वायर तिथे जोडली (फ्यूज टाकून, हे विसरू नका) आणि चावी बंद असताना लोकेशन हलू द्यायचं नाही ही सेटिंग कंपनीकडून ऑन करून घेतली. आता मीटर आणि ॲपमधे किरकोळ फरक येतो, तेवढा चालतो. ड्रायव्हरला चहा पाजला.