सेल्फ नुसताच ‘कट्ट’ करतोय? सोलेनॉइड बदलण्याआधी या चुका टाळा

जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ उचलेनासा झाला की पहिला निकाल ठरलेला: “सोलेनॉइड गेलं.” सोलेनॉइड म्हणजे चावी फिरवल्यावर बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला जोडणारा स्विच. नवीन बसवतात आणि ट्रॅक्टर तरीही ढिम्म. कारण बऱ्याचदा दोष सोलेनॉइडच्या पोटात नसतो. तो असतो वायरीत, लगमध्ये (वायरीच्या टोकाची बोल्टवर बसणारी कडी) नाहीतर अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हचा बॉडीशी जोड).

आधी आवाज ऐका. ‘कट-कट-कट-कट’ असा सलग आवाज म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा अर्थिंग ढिलं. सोलेनॉइडला आत ओढलेलं धरून ठेवणारी तारेची वेटोळी तुटली तरीही असंच होतं. एकदाच ‘कट्ट’ होऊन शांतता पसरली, तर मोठ्या वायरीचे जोड, सोलेनॉइडच्या आतली, दोन मोठे बोल्ट जोडणारी तांब्याची चकती किंवा मोटर तपासा. आवाजच नाही, तर चावीपासून येणारी बारीक वायर किंवा न्यूट्रल स्विच (ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सेल्फ फिरू न देणारा) तपासा.

आता सगळ्यात घातक चूक. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवून ट्रॅक्टर चालू करायचा. जुन्या डिझेल इंजिनाला चालू राहायला चावी लागत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पकडताच तो पुढे सरकतो, आणि तुम्ही बरोबर मागच्या चाकासमोर उभे असता. न्यूट्रल स्विचच्या वायरी ‘डायरेक्ट’ करून ठेवणं हीसुद्धा त्याच जातीची हुशारी.

मल्टीमीटर स्वस्त मिळतो, तो वापरा. चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरीच बघा. नंतर मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (त्यावर आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नको), दुसरं सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवर. सेल्फ फिरत असताना अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला तर ती वायर किंवा तिचे लग खराब. निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यात हीच चाचणी करा. ट्रॅक्टर नुकताच रंगवला असेल तर अर्थिंगचा बोल्ट हमखास रंगावरच आवळलेला असतो. तिथला रंग खरवडून उघडं लोखंड काढा.

सेल्फ फिरतच नसेल, तर मीटर सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर लावा. ‘कट्ट’ झाल्यावर आकडा १२ वरून शून्याजवळ आला पाहिजे. १२ वरच अडून राहिला तर चकती जळली आहे. आता सोलेनॉइड बदला, खुशाल.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. पॉझिटिव्ह आधी सोडली आणि पाना बॉडीला लागला तर ठिणग्या उडतात. वायरी काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. बॅटरीची वायर मोटरकडच्या बोल्टवर गेली तर जोडताक्षणी मोटर गरगरते. चार्जिंगची आणि लाईटची वायर बॅटरीकडच्याच बोल्टवर येते. बाहेरचा नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर अख्खा बोल्ट फिरून आतला जोड तुटतो. चावीकडून येणाऱ्या वायरीच्या जागी हॉर्नची बारीक वायर जोडू नका. सोलेनॉइड ओढला जाताना बराच जास्त करंट मागतो.

चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर चकती चिकटली आहे. चावी कितीही फिरवली तरी तो थांबत नाही, बॅटरीची वायरच काढावी लागते. म्हणून बॅटरीच्या क्लॅम्पवर टूलबॉक्स नि पोती रचून ठेवू नका, आणि त्या नटाच्या मापाचा पाना सीटखाली असू द्या.