शाळेत लेखक म्हणून बोलावलंय? मग एवढं करा

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे शाळेतून फोन आला की आधी तारीख बघा. दिवाळीनंतर कापूस वेचणी चालू असते, खेड्यावरची बरीच पोरं वावरात असतात, फेब्रुवारीपासून परीक्षेचं टेन्शन, म्हणून मी तर जुलै-ऑगस्टच मागतो. अख्खी शाळा मैदानात बसवून भाषण नको, हेडसरांना सरळ सांगा की सहावी-सातवीचा एकच वर्ग द्या आणि जोडून दोन तास द्या, कारण पोरांचं लाजणं संपेपर्यंत एका तासाची घंटा होऊन जाते. शाल-नारळ ऑफिसातच उरकून घ्या.

आपण बोलायचं फक्त दहा मिनिटं. मी कवयित्री बहिणाबाई चौधरींचं सांगतो, त्यांचं माहेर आसोदं, ते गाव पोरांना माहीत असतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, काम करता करता ओव्या सुचायच्या, मुलाने, सोपानदेवांनी, त्या उतरवून घेतल्या आणि बहिणाबाई गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक आलं. मग विचारायचं, तुमच्या घरात असं गाणं-म्हणी बोलणारं कोण आहे? एकदम हात वर होतात, आज्जीच जास्त निघतात.

आता लिहायला द्या, पण 'माझी शाळा' नि 'पावसाळा' अजिबात नको, ते निबंध पाठ असतात. विचारा, आज सकाळी घरात पहिला आवाज कोणाचा आला? वावरात भरीत पार्टीला वांगी भाजताना पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, धूर डोळ्यात गेला तेव्हा काका काय म्हणाला? जे म्हणाला तेच लिही. इथे कोणीतरी हळूच विचारतंच, सर, घरची भाषा चालेल का? चालेल म्हणा, मोठ्याने म्हणा, सगळ्या वर्गाला ऐकू गेलं पाहिजे. एका शाळेत एका पोरीने 'मन्ही माय' लिहिलं होतं आणि मी लगेच खोडून 'माझी आई' केलं, तर तिने कागद पालथा घातला आणि पुढे एक ओळ लिहिली नाही. मला ते अजून लागतं. तेव्हापासून मी लाल पेन नेतच नाही, शुद्धलेखन वर्षभर शिकवायला सर-मॅडम आहेत ना.

वाचून दाखवायची जबरदस्ती नको. कागद घरी न्या, प्रत्येकावर एक ओळ लिहा, नुसतं 'छान' नाही, त्यातलं नेमकं काय आवडलं ते, आणि आठ दिवसांत परत पोचवा, पोरं खरंच वाट बघतात.

शेवटी हस्तलिखिताचं बोलून या. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे, आपल्याला महिन्याला एक अंक जमला तरी खूप झालं, कागद दोऱ्याने शिवायचे आणि व्हरांड्यात टांगायचे. मराठीच्या सरांचा नंबर घेऊन ठेवा, अंकाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की त्याच दिवशी फोन लावा, स्पीकर ऑन करायला सांगा आणि ज्याने लिहिलंय त्याचं नाव घेऊन त्याच्याशी बोला.