मधुमेही मांजराचा कान खाजतो तेव्हा

इन्सुलिनवर असलेलं मांजर सारखं कान खाजवायला लागलं, तर मागच्या वेळची उरलेली ड्रॉप्सची बाटली उघडण्याआधी लेबल वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन असं काही दिसलं, तर ते स्टेरॉइड. कानात घातलं तरी ते थोडंफार रक्तात उतरतं आणि शुगर वाढवू शकतं. म्हणून डॉक्टरांना ‘हिला डायबेटिस आहे’ हे दर वेळी आठवणीने सांगा आणि स्टेरॉइडविना चालेल का ते विचारा. द्यावंच लागलं, तर तेवढे दिवस शुगर जास्त वेळा तपासायची. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने वाढवू नका. ड्रॉप्स थांबल्यावर तोच वाढीव डोस शुगर धोकादायक खाली नेतो.

कान अलगद उलटा करून उजेडात बघा. कॉफीच्या चोथ्यासारखी काळी, कोरडी घाण म्हणजे बहुधा माइट्स, म्हणजे कानातले बारीक किडे. तपकिरी, चिकट, आंबूस वासाची असेल तर यीस्टची, म्हणजे बुरशीची, शंका घ्यावी. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते, त्यामुळे दाखवायला जाण्याआधी कान पुसून चकाचक करू नका. इअरबड, व्हिनेगर, टी ट्री ऑइल अजिबात नको. कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं, पिसवा-गोचिडांवरचं औषध तर मांजराचा जीव घेऊ शकतं.

आणि कानाच्या कडेला टोचून शुगर बघत असाल, तर सुजलेल्या कानाला काही दिवस विश्रांती द्या. दुसरा कान किंवा पंजाची गादी चालते. दुखऱ्या कानाला एकदा सुई लागली की मांजर ग्लुकोमीटरची डबी वाजली तरी पलंगाखाली पळतं.