पायथनमध्ये मोठी सीएसव्ही वाचताना मेमरी वाचवा

दहा लाख ओळींची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल) पायथनमध्ये वाचली की लॅपटॉप धापा टाकायला लागतो. समजा तिच्यात जिल्ह्याचा रकाना आहे. महाराष्ट्राचे जिल्हे फक्त 36, पण ‘पुणे’ जितक्या ओळींत येतं तितक्या वेळा नवी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) बनते, आणि चार अक्षरखुणांच्या त्या शब्दामागे साठाहून जास्त बाइट जातात. एकाच फंक्शनमध्ये आपण दोनदा लिहिलेली तीच स्ट्रिंग कंपायलर एकदाच साठवतो. फाइलमधून आलेल्या मजकुराला ती सवलत नाही. ती आपणच द्यायची.

1. प्रोग्रामच्या वर ‘सिस’ मॉड्यूल इंपोर्ट करा.
2. ओळ वाचल्या वाचल्या जिल्ह्याचं नाव ‘सिस.इंटर्न’ मधून काढून त्याच जागी परत ठेवा; हे फंक्शन सारख्या मजकुराची एकच प्रत ठेवतं आणि दर वेळी तीच परत देतं. ओळी आधी लिस्टमध्ये भरून मग हे करू नका, तोवर मेमरी फुगलेली असते.
3. तालुका, लिंग, पिकाचं नाव अशा वारंवार येणाऱ्या रकान्यांनाही तेच.

मोबाइल नंबर किंवा पावती क्रमांकाच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथे प्रत्येक नंबर वेगळा, म्हणजे नुसता हेलपाटा. आणि तुलना नेहमीसारखी दुहेरी बरोबर चिन्हानेच करा, ‘इज’ वापरू नका; ते मजकूर नाही, मेमरीतली प्रत एकच आहे का ते बघतं. एखादा रकाना इंटर्न करायचा राहिला तर ‘पुणे’ आणि ‘पुणे’ वेगळे निघतील.