महापूर ओसरल्यावर या चुका टाळा: महापालिका आणि ग्रामपंचायतीची मदत नेमकी कुठे अडते

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाणी चढत असताना काय करायचे, याचा धडा २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी जिल्ह्याला चांगलाच दिला आहे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या नदीकाठच्या गावांची माणसे आता कोणाच्या आदेशाची वाट न पाहता जनावरांसह बाहेर पडतात. खरा गोंधळ सुरू होतो तो पाणी उतरल्यानंतर. घरात गुडघाभर गाळ, दारात पंचनाम्याचे पथक, रस्त्यावर मदतीचे ट्रक आणि हातात भिजलेले कागद, अशा त्या दोन-तीन आठवड्यांत ज्या चुका होतात, त्यांचे परिणाम पुढे वर्षभर निस्तरावे लागतात. त्यातल्या काही चुका पूरग्रस्त कुटुंबांकडून होतात, तर काही स्थानिक स्वराज्य संस्थांकडून. येथे दोन्हींचा विचार केला आहे.

चुकीच्या दारात उभे राहणे

सानुग्रह अनुदानाची, म्हणजे आपत्तीनंतर शासन देत असलेल्या रोख मदतीची रक्कम महापालिका किंवा ग्रामपंचायत देत नाही. ती राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून आणि राज्य शासनाच्या त्या त्या वेळच्या निर्णयानुसार महसूल विभागामार्फत, म्हणजे तहसीलदार कार्यालयातून येते. स्थानिक संस्थेकडे गाळ काढणे, पिण्याचे पाणी, औषधफवारणी, निवारा केंद्र, धोकादायक बांधकामांची तपासणी ही कामे असतात आणि पंचनाम्याच्या पथकात तिचा माणूस असतो. गावात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र फिरतात. शहरात महापालिकेचे कर्मचारी महसूल यंत्रणेबरोबर असतात. ही विभागणी लक्षात न घेतल्यामुळे अनेक जण पैशांसाठी सरपंचाच्या घरी आणि गटार तुंबल्याची तक्रार घेऊन तहसीलदार कचेरीत खेटे घालतात, आणि दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततात.

शहरातील रहिवाशांनी आपले घर महापालिकेच्या कोणत्या विभागीय कार्यालयाच्या हद्दीत येते हे पावसाळ्यापूर्वीच माहीत करून घ्यावे. नगरसेवकाला फोन केला की काम होते, ही सवय २०२१ च्या पुरात उपयोगाची ठरली नव्हती. त्या वेळी सभागृहाची मुदत संपून महापालिकेवर प्रशासक होते. तोंडी सांगितलेली तक्रार फायलीत शिरत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, तरच पुढे कोणाला जाब विचारता येतो.

पंचनाम्यापूर्वी घर धुणे, किंवा पंचनाम्यासाठी घर तसेच ठेवणे

या दोन टोकांच्या चुका आहेत आणि एकाच गल्लीत दोन्ही पाहायला मिळतात. काही कुटुंबे पाणी उतरताच घर लख्ख करतात आणि भिजलेल्या गाद्या, धान्य, फ्रीज यांची विल्हेवाट लावून मोकळी होतात. मग पथक आल्यावर दाखवायला काहीच उरत नाही. काही जण मात्र पथक येईपर्यंत आठ-आठ दिवस गाळाला हात लावत नाहीत आणि त्या कुजक्या वासात लहान मुलांना घेऊन राहतात. दोन्हींची गरज नाही. मोबाईलमधून तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढावेत: घराचा दर्शनी भाग, घर क्रमांक, प्रत्येक खोली आणि भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ. त्या रेघेशेजारी घरातील कोणी उभे राहिले, तर पाणी किती चढले होते हे फोटोतच कळते. शेजाऱ्यांपैकी दोघांना साक्षीला ठेवावे, निकामी वस्तूंची यादी करावी आणि सफाईला लागावे.

याहून गंभीर चूक मातीच्या घरांच्या बाबतीत होते आणि तिच्यात पूरग्रस्ताचा दोष कमी, यंत्रणेच्या घाईचा अधिक असतो. शिरोळ आणि करवीर तालुक्यांच्या नदीकाठच्या गावांत जुनी घरे अजूनही माती, भेंडा (न भाजलेली मातीची वीट) आणि दगडाची आहेत. पाण्यात असताना अशी भिंत बऱ्याचदा उभी राहते. पाणी ओसरून ऊन पडले, की पायातली माती सुटते, आधी पोपडे निघतात, मग कोपऱ्यात तिरकी भेग पडते आणि एखाद्या रात्री भिंत बसते. पंचनामा मात्र त्याआधीच झालेला असतो आणि त्यात ‘अंशतः पडझड’ लिहिलेले असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांत सपाट भागातील पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी १,२०,००० रुपये आहेत, तर किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. एका शब्दाने केवढा फरक पडतो, हे यावरून कळेल. म्हणून भिंत पडली त्याच दिवशी फोटोसह फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज तलाठ्याकडे द्यावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. ग्रामपंचायतींनीही पहिला पंचनामा हा शेवटचा समजू नये. मातीच्या घरांची वेगळी यादी करून पाणी ओसरल्यावर दोन आठवड्यांनी अभियंत्यासह पुन्हा फेरी मारणे फारसे खर्चिक नाही, आणि त्यामुळे माणसे ढिगाऱ्याखाली सापडण्याचा धोकाही टळतो. भेग पडलेल्या घरात केवळ ‘नाव कापले जाईल’ या भीतीने झोपणारी कुटुंबे असतात. त्यांना निवारा केंद्रातील मुक्कामाचा आणि अनुदानाचा संबंध नाही हे स्पष्ट शब्दांत सांगण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे.

एका घरात दोन चुली, आणि भाडेकरू

कपडे आणि भांड्यांसाठीची मदत कुटुंबाला असते, घराला नव्हे. वरील निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये प्रतिकुटुंब आहेत आणि त्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट आहे. मोठ्या आपत्तीत शासन स्वतंत्र निर्णय काढून रकमा वाढवते किंवा अटी शिथिल करते. तंटा होतो तो ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचे यावर. दोन भाऊ एकाच छपराखाली राहतात, चुली वेगळ्या आहेत, पण शिधापत्रिका वडिलांच्या नावे एकच. पथक एकच नाव लिहून पुढे जाते आणि मग दोघांत बोलाचाली सुरू होते. पूर आल्यावर कार्ड विभक्त करायला धावणे उपयोगाचे नसते, कारण आपत्तीच्या तारखेनंतरच्या नोंदीकडे संशयानेच पाहिले जाते. वेगळी चूल असेल, तर विभक्त शिधापत्रिका उन्हाळ्यातच करून घ्यावी.

भाडेकरूंच्या बाबतीत शहरात, विशेषतः शाहूपुरी, नागाळा पार्क किंवा शुक्रवार पेठेसारख्या भागांत, चूक उलटी होते. भांडी भाडेकरूची वाहून जातात आणि नाव घरफाळ्याच्या पावतीवरून घरमालकाचे लागते. घराच्या पडझडीची भरपाई मालकाची आणि संसारोपयोगी साहित्याची राहणाऱ्या कुटुंबाची, हे तत्त्व सरळ आहे. भाडेकरूने भाडेकरार, वीजबिल, गॅसची नोंदणी किंवा मुलांच्या शाळेचा दाखला यांपैकी राहत असल्याचा जो पुरावा असेल तो जवळ ठेवावा. आणि घरमालकानेही पथकासमोर ‘माडीवर कोणी राहत नाही’ असे सांगण्याचा मोह आवरावा. दुकानांसाठी शॉप ॲक्टची नोंद, भाडेपावती आणि मालाच्या खरेदीची बिले लागतात. बिले दुकानातच भिजतात, म्हणून त्यांचे फोटो दुसऱ्या ठिकाणी असणे बरे.

दुभत्या जनावरांबद्दल थोडक्यात. गाय किंवा म्हशीमागे निकषांत ३७,५०० रुपये आहेत, पण पशुधन अधिकाऱ्याच्या तपासणीपूर्वीच जनावर पुरले, तर मृत्यूचे कारण सिद्ध करणे अवघड जाते. कानातील बिल्ल्याचा क्रमांक दिसेल असा फोटो काढून लगेच कळवावे.

मंजूर झालेले पैसे खात्यात न येणे

नाव यादीत आहे, रक्कम मंजूर आहे, तरीही पैसे आलेले नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. कारणे बहुधा साधी असतात. आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव जुळत नाही. बँकेचे विलीनीकरण झाल्यावर जुना आयएफएससी कोड तसाच लिहून दिलेला असतो. खाते बरेच दिवस व्यवहार नसल्याने गोठलेले असते. थेट हस्तांतरणातील रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळे लिहून दिलेल्या खात्यात शोधत बसण्यापेक्षा आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधी पाहावे. शेतीच्या नुकसानीत गावच्या यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी करण्याचा टप्पा असेल, तर तो झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. सामाईक सातबारा असलेल्या खातेदारांची संमतिपत्रे येथेच अडतात, कारण एक भाऊ पुण्यात आणि बहीण इचलकरंजीत असते.

ग्रामपंचायतीची चूक अशी की यादी केवळ तलाठ्याच्या दप्तरात किंवा कोणाच्या व्हॉट्सॲप गटावर राहते. ती फलकावर लावून ग्रामसभेत वाचली, तर हरकती आठवड्यात निघतात. वगळलेल्यांनी आधी तहसीलदारांकडे, मग प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घ्यावी. आपल्या पंचनाम्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते.

गाळ गल्लीतून काढून गटारात ढकलणे

सफाईत क्रम चुकला की श्रम दुप्पट होतात. सगळे जण आपापल्या घरातला गाळ एकाच सकाळी रस्त्यावर लोटतात, रस्त्यावरचा गाळ गटारात जातो आणि पुढच्या सरीला तेच पाणी पुन्हा उंबऱ्यात येते. शहरात जयंती नाल्याच्या काठच्या वस्त्यांना याचा अनुभव आहे. आधी मुख्य नाला आणि गटारे मोकळी करायची, मग रस्ता, मग गल्लीनिहाय वेळ ठरवून घरांतला गाळ बाहेर काढायचा आणि तो त्याच दिवशी उचलायचा, हा क्रम महापालिकेने आणि ग्रामपंचायतीने जाहीर करावा. ओला गाळ, फर्निचर, प्लास्टिक आणि औषधे-कीटकनाशकांचे डबे एकाच डंपरमध्ये भरू नयेत. गाळावर पावडर मारून फोटो काढणे ही तर निव्वळ धूळफेक आहे. घाण हटल्याशिवाय जंतुनाशकाचा उपयोग होत नाही.

पाण्याच्या बाबतीत अंदाजपंचे कारभार चालतो. विहिरीत पाटीभर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ओतली की काम झाले, असे समजले जाते. हिशेब सोपा आहे: विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, सर्व मीटरमध्ये, आणि आलेल्या संख्येला ७८५ ने गुणले की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे २८,००० लिटर पाणी असते. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली, तर ७० ग्रॅम पुरते. पण हा हिशेब एरवीच्या स्वच्छ पाण्याचा आहे. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसावी, गाळ काढावा, मग मात्रा वाढवत जावी आणि तासाभराने ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात द्रावणाचे थेंब टाकून रंग पाहण्याच्या तपासणीत, क्लोरीन दिसतो का ते पाहावे. पिवळा रंग उमटला नाही, तर ते पाणी पिऊ नये. गोदामात उघड्या पोत्यात पडलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून गेलेला असतो, त्यामुळे पूर येण्याआधी साठा तपासून घेणे हे ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे काम आहे.

कोल्हापूर शहरात २०१९ आणि २०२१ मध्ये नदीवरील उपसा केंद्रेच पाण्यात गेल्याने नळ बंद पडले होते. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाल्यानंतर नदीवरचे अवलंबन घटले असले, तरी गल्लीतील वाहिनीला गळती असेल, तर गटाराचे पाणी तिच्यात ओढले जातेच. पहिले पाणी वाहू द्यावे आणि काही दिवस उकळूनच प्यावे. चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा धोका असतो. ताप आला, तर दुकानातून गोळी आणून गप्प बसू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

मदतीचे ट्रक आणि पुन्हा त्याच जागी बांधकाम

बाहेरून येणारी मदत महामार्गालगतच्या गावांत उतरते आणि राजापूर, खिद्रापूर अशा टोकाच्या गावांना जुन्या साड्यांचे ढीग मिळतात. ग्रामपंचायतीने पहिल्याच दिवशी गरजेची यादी प्रसिद्ध करावी (झाडू, फावडी, बादल्या, ताडपत्री, जनावरांचा चारा), आलेल्या वस्तूंची नोंदवही ठेवावी आणि वाटप वाडीनिहाय करावे. तालमींची पोरे या कामाला हक्काची असतात. त्यांना फक्त कोणते घर कोणाचे हे सांगणारा माणूस बरोबर द्यावा लागतो.

पडलेले घर त्याच पायावर उभारण्यापूर्वी पाटबंधारे खात्याची पूररेषा तपासावी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि परवानगीशिवाय बांधलेल्या घराचा पुढच्या पंचनाम्यात प्रश्न उभा राहतो. अनुदानाचा पहिला हप्ता हातात पडताच विटा उतरवून घेण्याऐवजी ग्रामपंचायतीकडून किंवा महापालिकेच्या नगररचना विभागाकडून जागेचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि पुनर्वसनाचा भूखंड मिळण्यासारखा असेल, तर जुन्या घराच्या नमुना आठच्या (ग्रामपंचायतीकडील घराच्या नोंदीच्या) उताऱ्यासह त्याची मागणी त्याच अर्जात नोंदवावी.