मुलांसाठी रहस्यकथा लिहायचीय? आधी ठिकाण ठरवा

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वाचनालयात मी रहस्यकथालेखनाचा वर्ग घेते. मुलं असतात, आणि मुलांसाठी लिहू पाहणारे काही आईबापही असतात. मोठ्यांची तक्रार ठरलेली: "बाई, रहस्यच सुचत नाही." मी विचारते, तुम्हाला कुठली जागा चांगली ठाऊक आहे? मी आयुष्यभर भूगोल शिकवला म्हणून हे विचारते असं काहींना वाटतं. खरं तर हा प्रश्न मी सत्यजित रायांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टींवरून घेतलाय.

राय आपल्याला चित्रपटांमुळे माहीत. पण बंगाली मुलांना ते आधी गोष्टी लिहिणारे म्हणून भेटतात. त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, 1913 मध्ये 'संदेश' हे मुलांचं मासिक काढलं. पुढे ते वडिलांनी, सुकुमार रायांनी, चालवलं आणि मग बंद पडलं. 1961 मध्ये सत्यजित राय आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी ते पुन्हा सुरू केलं. राय तेव्हा चाळिशीत होते, 'पथेर पांचाली' येऊन सहा वर्षं झाली होती. घरचं मासिक हातात आलं की त्याची पानंही भरावी लागतात. राय लिहू लागले, चित्रंही स्वतःच काढू लागले. 1965 च्या डिसेंबरात त्याच मासिकात फेलूदा अवतरला. 1992 मध्ये राय गेले, तोवर फेलूदाच्या 35 गोष्टी पूर्ण झाल्या होत्या. मराठीत अशोक जैनांनी त्या आणल्या. त्यांतली निदान एक वाचूनच लिहायला बसा.

आता तारखा लावून बघा. दार्जिलिंगमध्ये रायांनी 'कांचनजंघा' चित्रित केला, तो 1962 चा. फेलूदाची पहिली गोष्ट दार्जिलिंगमध्येच घडते. बनारसला 'अपराजितो' झाला 1956 मध्ये. फेलूदा बनारसच्या घाटांवर फिरला 1975 मध्ये. 'गुपी गाइन बाघा बाइन'साठी ते जैसलमेरला गेले, तो चित्रपट 1969 चा, आणि 1971 मध्ये त्यांनी 'सोनार केल्ला', म्हणजे सोन्याचा किल्ला, ही फेलूदाची गोष्ट लिहिली. जिथे आधी कामासाठी पाय झिजवले होते, तिथेच त्यांनी पुढे रहस्य पेरलं. जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला उन्हात सोन्यासारखा चमकतो, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच गेल्या जन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणारा मुलगा सुचू शकतो.

तेव्हा तुमची जागा निवडा. आम्ही वर्गात वेरूळ घेतो, कारण ते आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून साधारण 30 किलोमीटरवर आहे आणि फेलूदाही तिथे येऊन गेलाय. 1972 मध्ये पुरावस्तूंचा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षी रायांनी मूर्तीचोरांची गोष्ट लिहिली. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं शिर चोरीला जातं आणि माग काढत फेलूदा कैलास लेण्यापर्यंत पोचतो. शेजारच्या गावातल्या वास्तूवर कलकत्त्याचा माणूस इतक्या आस्थेनं लिहितो, हे वाचून मला भरून येतं.

जागेवर गेलात की वही काढा. काय सुंदर आहे ते लिहू नका. कुठून काय दिसतं, कुठून दिसत नाही, कुठे आवाज घुमतो, फाटक कधी उघडतं, कोण रोज तिथे असतं, हे टिपा. कैलास लेणं वरून खाली खोदत आणलेलं आहे. मंडपाच्या छतावर दगडी कमळ आहे आणि त्याभोवती चार सिंह. अंगणात उभ्या माणसाला ते कमळ दिसत नाही. त्यासाठी बाजूनं कड्यावर चढून खाली पाहावं लागतं. हा झाला धागा. "गुडघे दुखतात, मी वर गेलोच नाही" म्हणणाऱ्या पाहुण्याच्या वहीत त्या कमळाचं चित्र सापडतं.

आमच्या वर्गातल्या सातवीतल्या एका मुलीनं लगेच हात वर केला: "फोटो बघून काढलं असेल तर?" अगदी बरोबर. आजच्या प्रत्येक धाग्याला हा प्रश्न विचाराच. मग तिनंच तोड काढली. चित्रात एका सिंहाच्या पंजाशी अडकलेला पतंग आहे, आणि तो पतंग कालच उडून तिथे पडलाय. दुसऱ्या मुलानं आणखी सोपा धागा दिला. संशयित म्हणतो, मी मंगळवारी लेणी पाहिली. आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं. हे बाहेरच्या लेखकाला सुचणार नाही. इथल्या रिक्षावाल्याला सुचेल.

यापुढचा टप्पा गुन्ह्याचा, आणि इथे बरेच जण घाबरतात. मुलांसाठी लिहायचं म्हणजे प्रेमप्रकरणं नाहीत, रक्तपात जेमतेम. रायांनाही हे अवघड वाटे. पहिल्या गोष्टीत त्यांनी खून ठेवलाच नाही. छापील अक्षरं कापून चिकटवलेलं धमकीचं एक पत्र, बस. पण साधा गुन्हा म्हणजे मिळमिळीत गोष्ट नव्हे. बनारसच्या गोष्टीत खलनायक मगनलाल मेघराज फेलूदाच्या मित्राला, लालमोहन गांगुलींना, फळीसमोर उभं करतो आणि म्हाताऱ्या सुरीफेक्याकडून त्यांच्या अंगाभोवती सुऱ्या फेकवतो. एकही सुरी लागत नाही. वाचताना माझे तळहात अजूनही घामेजतात. भीती अशी लिहा.

हे लालमोहनबाबू, 'जटायू' नावानं साहसकथा लिहिणारे, नीट अभ्यासा. ते 'सोनार केल्ला'त आले आणि मालिकेचा नूर पालटला. उंटाविषयी ते चुकीचं लिहून बसतात, फेलूदा दुरुस्त करतो, आणि वाचणाऱ्या मुलाला शिकवणीचा वास न येता माहिती मिळते. तुमच्या गोष्टीत असा एक तरी प्रेमळ, चुकणारा मोठा माणूस हवा. गोष्ट सांगायला मूल ठेवा. फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे सांगतो. त्याला फेलूदाच्या डोक्यातलं दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. पण तोपशेला जे दिसलं ते सगळं वाचकाला मिळालंच पाहिजे. शेवटच्या पानावर नवाच पुरावा खिशातून काढणारा लेखक मुलांना फसवतो, आणि मुलं त्याचं दुसरं पुस्तक उघडत नाहीत.

मसुदा झाला की एका माणसाला ऐकवा, जो "छान" म्हणून सोडून देणार नाही. रायांच्या घरी हे काम पत्नी बिजोया यांच्याकडे होतं. हस्तलिखित आधी त्या वाचत, चुका दाखवत. तुमच्या ऐकणाऱ्यानं दाखवलेल्या चुका दुरुस्त करून गोष्टीचे तीन भाग करा. प्रत्येक भाग अशा जागी तोडा की ऐकणाऱ्या मुलानं "मग?" विचारावं. तिसऱ्या भागात नवा माणूस आणू नका. मग सुवाच्य प्रत काढून बालभारतीच्या 'किशोर'कडे किंवा एखाद्या मुलांच्या दिवाळी अंकाकडे पाठवा. दिवाळीसाठी पाठवायची तर पावसाळ्याच्या आधीच, कारण अंकांची जुळवाजुळव तेव्हाच सुरू होते.